पाचोळ्याला वर्ष नव्हे, हवा हवी

माघ-फाल्गुनात पानगळ सुरू झाली की बागांच्या कडेला पाचोळा पेटविला जातो. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने अशा जाळण्यास मनाई केली. तथापि ‘पाने कुजायला वर्ष लागते’ ही समजूत कायम असेपर्यंत केवळ मनाई पुरेशी ठरणार नाही.

विलंबाचा दोष पानांपेक्षा पद्धतीचा अधिक आहे. वाळल्या पानांत कर्ब विपुल व नत्र अल्प असते. शिवाय अखंड पाने एकमेकांस चिकटून हवा अडवितात. पाने बारीक करून त्यांत हिरवे गवत, भाजीचा कचरा अथवा ताजे शेण मिसळावे. कर्ब-नत्र गुणोत्तर ३०:१ च्या आसपास, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका आणि ढीग किमान एक घनमीटर असल्यास तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. दर तीन-चार दिवसांनी ढीग पालटल्यास सुमारे दोन महिन्यांत खत तयार होऊ शकते. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे विकसित केलेली पद्धतही पालटण्यावरच आधारलेली होती आणि सुमारे तीन महिन्यांत खत देत असे.

लहान बागेची खरी अडचण घनफळाची आहे. त्यापेक्षा लहान ढिगात उष्णता टिकत नाही. म्हणून पाचोळा पोत्यांत साठवून एकदम ढीग रचणे किंवा चार शेजाऱ्यांनी मिळून एकच ढीग करणे श्रेयस्कर. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिक खड्डा खणण्याचे न दाखविता ढीग पालटण्याचे दाखवावे. खताचा वेग तेथेच ठरतो.