चौतीस अंशांनी शिकवलेला धडा

मे महिना लागला की दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : "डॉक्टर, आपण सोलापूरची माणसं, आपल्याला उन्हाचं काय?" पूर्वी मी ते हसून सोडून देत असे. आता हसू येत नाही. कारण हेच वाक्य मी स्वतः बोललो होतो, आणि त्याची किंमत माझ्या एका मित्राला मोजावी लागणार होती.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी आणि माझे शेजारी दापोली तालुक्यात गेलो होतो. शेजारी सेवानिवृत्त शिक्षक, सारी गल्ली त्यांना 'मास्तर' म्हणते. कर्दे येथून मुरुडमार्गे हर्णैपर्यंत समुद्रकाठाने पायी जायचे, एवढाच बेत. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. आम्ही रोज सकाळी गावात तासभर फिरणारे. म्हटले, यात काय अवघड? शिवाय मुरुड हे महर्षी कर्व्यांचे गाव. परीक्षेसाठी ते सोबत्यांसह येथून साताऱ्याला पायी गेले आणि पुढे शंभरी ओलांडून जगले. ही गोष्ट मास्तरांनी वर्गात कितीतरी वेळा सांगितलेली, त्यामुळे त्यांचा उत्साह दांडगा.

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी रात्रीच बजावले होते, "साडेसहाला बाहेर पडा, नऊच्या आत पोचा. नंतर पुळणीत थांबू नका." मी मात्र पंचांग काढून बसलो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हे मला ठाऊक होते. त्या दिवशी अष्टमी. म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या सुमारास. उशिरा निघालो तर ओली, टणक वाळू जास्त मिळेल, असा माझा हिशेब. हिशेब बरोबर होता, फक्त त्यात ऊन धरलेले नव्हते. घावणे-चटणी आणि दोनदा चहा होऊन आम्ही निघालो तेव्हा दहा वाजत आले होते. तापमान चौतीस अंश. "हे तर आपल्याकडचं फाल्गुनातलं ऊन!" मी म्हणालो.

मुरुड मागे पडले आणि मास्तर गप्प झाले. बोलका माणूस गप्प होणे हे पहिले लक्षण. ते माझ्या ध्यानात आले नाही. मग डोके दुखू लागले, मळमळू लागले. "बसू या का?" मी विचारले. "छे, आता हर्णै आलंच की," ते म्हणाले. दोघांपैकी एकालाही थांबायचा कमीपणा घ्यायचा नव्हता. थोड्याच वेळात त्यांच्या पोटरीत गोळा आला आणि तोल गेला. शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता. दोघांत मिळून एक लिटर पाणी आणले होते, ते कधीच संपले होते.

सुरूच्या सावलीत एक कोळी दांपत्य जाळे दुरुस्त करत होते. ते धावत आले. "अहो काका, ह्या टायमाला आम्ही पण खाली उतरत नाय!" त्यांनीच मास्तरांना सावलीत निजवले. मी शर्ट काढला, पाय उंच ठेवले, अंगावर पाणी ओतून पंचाने वारा घातला. बाईंनी मीठ घातलेले कोकम सरबत आणले, ते घोट घोट पाजले. मास्तर नाव-गाव नीट सांगत होते, म्हणून माझा धीर टिकला. अर्ध्या तासाने ते उठून बसले, आणि मग रिक्षाने त्यांना दवाखान्यात नेऊन तपासून घेतले. वाटेत ते म्हणाले, "सकाळची बीपीची गोळी मात्र चुकवली नाही हं!" ती गोळी लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकणारी होती. ती मीच लिहून दिली होती, आणि निघताना मला तिची आठवणही झाली नव्हती.

वाचकहो, शरीर थंड होते ते घाम येण्याने नव्हे, घाम वाळण्याने. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तो लगेच वाळतो. समुद्रकाठी हवेतच इतका ओलावा असतो की घाम नुसता निथळतो. पाणी आणि मीठ जाते, गारवा मात्र मिळत नाही. त्यात भुसभुशीत वाळूत चालायला टणक जमिनीपेक्षा दुपटीच्या आसपास श्रम पडतात. म्हणूनच हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करते, तर किनाऱ्यावर ३७ पासून. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानातल्या समारंभानंतर उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हाही तापमान विदर्भातल्या मे महिन्याइतके नव्हते. कोरड्या उन्हाची सवय दमट उन्हात पुरी पडत नाही. नव्या हवेशी जुळवून घ्यायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. आम्ही त्याला एक रात्र दिली होती.

तेव्हा सुट्टीत कोकणात जाऊन प्रथमच चालणार असाल, तर पहिले दोन दिवस फक्त सकाळ-संध्याकाळ थोडे चाला. नऊच्या आत सावली गाठा. माणशी निदान दोन लिटर पाणी घ्या, पण नुसते पाणीच ढोसू नका. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, हे मिश्रण बरोबर ठेवा. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मिठाचे आणि गोळ्यांचे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असे मानू नका. चालून-श्रमून झालेल्या उष्माघातात अंग ओलेही असू शकते. तोंडात पाणी ओतू नका, तापाची गोळी देऊ नका, ती येथे उपयोगी पडत नाही. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा.

मास्तर पुन्हा चला म्हणतात. हर्णैचा मासळीचा लिलाव आणि समोरचा सुवर्णदुर्ग पाहायचा राहिलाच आहे. मी होकार दिला आहे, पण दोन अटींवर. जायचे ते जानेवारीत, आणि काकू सांगतील त्या वेळेला.