धार थांबवता येत नाही म्हणून दर पाडायचा?

‘दुधाचा दर बाजारच ठरवणार, सरकारने त्यात पडू नये,’ असं डेअरीवाले सांगतात आणि शहरातले जाणकार माना डोलावतात. पण बाजार म्हणायचा, तर विकणाऱ्याला ‘आज देत नाही’ असं म्हणता आलं पाहिजे. कांदा काही दिवस चाळीत राहतो, सोयाबीन गोदामात टाकून तारण कर्ज काढता येतं. गाईची धार मात्र सकाळ-संध्याकाळ काढावीच लागते. ती तुंबली तर कास दगडी व्हायची भीती, आणि काढलेलं दूध वेळेत केंद्रावर पोचलं नाही तर नासणार. या सौद्यात एकाचे हात बांधलेले आहेत आणि दर दुसराच सांगतो.

जुलै 2023 मध्ये राज्य सरकारने 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ) गाईच्या दुधाला लिटरमागे किमान 34 रुपये दर जाहीर केला. काही महिन्यांत अनेक खासगी डेअऱ्यांनी तो 25-27 रुपयांवर आणला. पावडर आणि बटरचे भाव पडले, असं कारण दिलं गेलं. भाव पडले होते, हे खरंच आहे. पण पावडर तेजीत असते तेव्हा त्यातला वाटा हक्काने मागता येईल, असा कोणता कायदा उत्पादकाच्या हाती आहे? मंदी मात्र पुढच्याच दहा दिवसांच्या पगारात दिसते. शहरातल्या पिशवीची किंमतही त्या प्रमाणात उतरली नाही.

‘अनुदान दिलं की सरकारने!’ दिलं. जानेवारी 2024 पासून डेअरीने 27 रुपये द्यायचे आणि सरकारने 5. त्यासाठी जनावराच्या कानात बिल्ला, ऑनलाइन नोंदणी, बँक खात्याची जुळवाजुळव, सगळं शेतकऱ्याने केलं. पुढे डेअरीचे 30 आणि सरकारचे 5 असं ठरलं. मग अनुदान 7 रुपये झालं, तेव्हा डेअरीचा दर 28 वर आला. बेरीज करून बघा: दोन्ही वेळा 35च. वाढलेले दोन रुपये सरकारी तिजोरीतून गेले, शेतकऱ्याला एक पैसा जास्त मिळाला नाही, आणि डेअरीचा भार तेवढा हलका झाला. याला दूध उत्पादकाची मदत म्हणणं मला मान्य नाही.

‘जोडधंदा आहे, घरचीच माणसं राबतात’ हा युक्तिवाद तर चीड आणणारा आहे. पहाटे अंधारात उठून शेण काढणारी, वैरण टाकणारी, धार काढणारी बाई घरची आहे म्हणून तिची मजुरी शून्य धरायची? गोळी पेंड, सरकी पेंड, मुरघासाची मका, डॉक्टरची फी यांतलं काहीही उधारीवर फार काळ चालत नाही. विण्याआधी गाय दोन महिने आटवावी लागते, पण त्या काळात तिचं खाणं थांबत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. उसाला एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) आहे, 2013च्या कायद्याने महाराष्ट्रात कारखान्याच्या महसुलातली वाटणीही आली. दुधालाही उत्पादन खर्चावर आधारित किमान दर कायद्याने द्यावा, आणि पावडर, बटर, पिशवीबंद दूध यांच्या विक्रीतून वाढीव वाटा द्यावा. हे अशक्य नाही. कोल्हापूरकडचे सहकारी संघ दिवाळीला दूध दर फरक देतातच. एफआरपी आली म्हणून कारखान्यांची धुराडी विझली नाहीत, किमान दराने डेअऱ्याही बंद पडणार नाहीत.

दर कायद्याने ठरला तरी तो केंद्रावरच्या यंत्रांतून जातो. एसएनएफ एकेका पॉइंटने घसरला की दर कापला जातो, आणि तो पॉइंट दाखवणारा मिल्कोमीटर डेअरीचाच. काटा 100 ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवत असेल, तर वरचे 90 ग्रॅम दूध रोज दोन वेळा हिशोबाबाहेर राहू शकतं. काटा 10 ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा, मिल्कोमीटरची तपासणी डेअरीशी संबंध नसलेल्या यंत्रणेकडून ठरल्या वेळी व्हायला हवी, आणि तिचा दाखला केंद्राच्या भिंतीवर लावलेला हवा. किमान दराच्या कायद्यातच हे कलम असलं पाहिजे.