दीर्घायुष्याचा खर्च कोणी सोसायचा?

स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षांचे होते; २०१६-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत ते सत्तर वर्षांवर पोचलेले आढळले. देवी, पटकी, हिवताप यांच्या तावडीतून सुटलेल्या पिढ्यांनी पुढे म्हातारे व्हावे, हे ओघानेच आले. त्याच काळात लाल त्रिकोणाखाली दिला जाणारा सल्ला महाराष्ट्राने मनावर घेतला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील दर स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण १.७ इतके भरले. पूर्वी चार-पाच भावंडांत विभागला जाणारा आईबापांच्या औषधपाण्याचा भार आता एका-दोघांच्या पगारावर पडतो. सल्ला देणाऱ्या शासनाने या जमाखर्चाची दुसरी बाजू मात्र फारशी मांडलीच नाही.

अशा समाजात आपल्या मरणाविषयीचा निर्णय आपणच घ्यावा की नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे येणे अपरिहार्य होते. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि बरे होण्याची आशा उरली नसता कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबवू नये असे आगाऊ लिहून ठेवण्यास मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये या इच्छापत्राची रीत सोपी झाली. दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरीचे अथवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे ठरले. हे योग्यच झाले. तथापि खरी मेख निराळीच आहे. अतिदक्षता विभागाचे रोजचे बिल पाहून ‘आता पुरे’ म्हणणारा वृद्ध स्वतःची इच्छा सांगत असतो, की मुलाच्या बँकेतील शिल्लक?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणाकडे या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. १९७३ मधील अत्याचारानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षे, त्यांची शुश्रूषा तेथेच झाली. त्यांना मरू द्यावे ही मागणी सर्वोच्च न्यायालयात आली तेव्हा शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनीच तिला विरोध केला, आणि २०११ मध्ये ती फेटाळली गेली. कोणाची बाजू बरोबर होती यावर दुमत होऊ शकेल. पण रुग्णालय महापालिकेचे होते, कोणाचे घर गहाण पडत नव्हते. म्हणूनच तो वाद निव्वळ नीतीचा वाद राहू शकला. सामान्य कारकुनाच्या घरात ही चैन परवडत नाही.

शिवाय शेवटचा निर्णय येण्याच्या कितीतरी आधी लहानसहान निर्णय होऊन गेलेले असतात. रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेणे, मधुमेहाची तपासणी पुढल्या महिन्यावर ढकलणे, मोतीबिंदू आणखी पिकू देणे. दीर्घायुष्याचा खर्च मुख्यतः असा वर्षानुवर्षे ठिबकत राहणारा असतो, आणि आपल्या योजनांचा रोख मात्र खाटेवर दाखल झालेल्या रुग्णाकडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळाले. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु पक्षाघात होऊन दाखल झाल्यावर उपचार फुकट, आणि तो टाळणारी गोळी मात्र स्वतःच्या खिशातून, असा हा विमा आहे. २०१४ मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन महिना हजार रुपये ठरले. हजारात औषध बसवायचे की दूध, ही ‘व्यक्तिगत निवड’ म्हणायची असेल तर त्या शब्दाला अर्थ उरत नाही.

सरकारी राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. उतार मोठा आहे, तरी शंभरातले चाळीस रुपये घरातूनच गेले. केरळने २००८ मध्ये वेदनाशामक शुश्रूषेचे धोरण स्वीकारून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी परिचारिका पाठविण्याचे काम स्थानिक पंचायतींच्या हाती दिले. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आहेत, आशा कार्यकर्त्या आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळेही आहे. साठीपुढील प्रत्येकाला महिन्याच्या गोळ्या न चुकता तेथे मिळतील आणि ज्यांना उठवत नाही त्यांच्या दारी परिचारिका जाईल, इतकी तरतूद राज्याच्या पुढील अर्थसंकल्पात झाली पाहिजे. इच्छापत्राचे छापील नमुने वाटण्याचे काम त्यानंतर खुशाल हाती घ्यावे.