जोर लावू नका

आपल्या भाषेत दुखण्याला शब्द कमी नाहीत. ठणका, कळ, सणक, चमक, शिणवटा, अंग मोडून येणं. फॅमिली डॉक्टरपुढे बसलं की मात्र या सगळ्यांचं एकच 'पेन' होतं आणि पुढचा प्रश्न येतो, दहापैकी किती? फायब्रोमायाल्जिया असणाऱ्याची पंचाईत इथूनच सुरू होते. दुखतं सगळीकडे, रात्रभर झोपूनही सकाळी अंग जड, डोक्यात धुकं, आणि एक्स-रे, रक्त सगळं नॉर्मल. मग घरातले म्हणतात, "रिपोर्टमध्ये काही नाही ना? जरा बाहेर पड, बरं वाटेल."

रिपोर्टमध्ये काही न सापडणं हेच या आजाराचं रूप आहे. स्नायू फाटलेले नसतात, सांधे झिजलेले नसतात. मेंदू आणि मज्जासंस्था वेदनेचा आवाज वाढवून ठेवतात, त्यामुळे साधा दाबही दुखतो. म्हणजे दुखणं खरंच असतं. कॅनडात शंभरातल्या दोन-तीन जणांना हा त्रास आहे, त्यात बायका जास्त.

पूर्वी शरीरावरच्या १८ ठरावीक जागा दाबून ११ दुखल्या तर हे नाव मिळायचं. ती १९९० ची रीत. कॅनडातल्या वेदनातज्ज्ञांनी आणि संधिवाततज्ज्ञांनी २०१२ मध्ये मार्गदर्शिका काढली, तिने ही दाबादाबी अनावश्यक ठरवली आणि निदान फॅमिली डॉक्टरनेच करावं असं सांगितलं. म्हणजे बहुतेकांना स्पेशालिस्टच्या तारखेची वाट पाहत बसायला नको. थायरॉइडसारख्या मोजक्या तपासण्या मात्र हव्यात. सांधे सुजत असतील, ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर कारण दुसरं असू शकतं.

आता मालीश. दिवाळी अंकात तेलाचा विषय काढायला निमित्त लागत नाही. पण आपल्याकडे मालीश म्हणजे रगडणं, आणि "जोर आहे हो हाताला" ही शाबासकी! फायब्रोमायाल्जियात तोच जोर उलटतो, पुढचे दोन दिवस माणूस अंथरुणातून उठत नाही. सुरुवात हलक्या हाताने, थोड्या वेळासाठी करायची आणि दुसऱ्या दिवशी कसं वाटतंय ते पाहून पुढे जायचं.

उपयोग होतो का? २०१४ मध्ये नऊ चाचण्यांतल्या ४०४ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. पाच आठवडे किंवा जास्त मसाज घेतलेल्यांचं दुखणं, चिंता आणि उदासी कमी झाली, झोपेत मात्र फरक दिसला नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी २०१७ मध्ये सगळे पुरावे चाळले आणि मसाजची शिफारस केली नाही. ठाम पाठिंबा दिला तो फक्त व्यायामाला. माझ्या मते मसाज घ्यावा तो चालायला, पोहायला अंग मोकळं व्हावं म्हणून. नुसतं टेबलावर पडून आजार हटणार नाही. थंडीत वॉनच्या रस्त्यांवर चालणं अवघड, पण आपल्या कम्युनिटी सेंटरांत तलाव आहेत. पाण्यात अंगाचा भार हलका होतो, तिथूनही सुरुवात करता येते.

खर्चाचं बघा. ओहिप मसाजचे पैसे देत नाही. तासाला साधारण शंभर डॉलर किंवा जास्त, वर १३ टक्के एचएसटी. नोकरीच्या बेनिफिट्समध्ये बहुधा वर्षाची ठरावीक रक्कम मिळते, पण पावती आरएमटीची, म्हणजे नोंदणीकृत मसाज थेरपिस्टची लागते. स्पामधली साधी पावती चालत नाही. नाव ऑन्टारिओच्या मसाज थेरपिस्ट कॉलेजच्या नोंदवहीत ऑनलाइन पाहता येतं. मुलांच्या बेनिफिट्समध्ये आईवडील सहसा बसत नाहीत. त्यांनी पावत्या इन्कम टॅक्ससाठी जपून ठेवाव्यात, वैद्यकीय खर्चात धरता येतात.

"कपडे काढावे लागतात का?" हा प्रश्न हळूच विचारला जातो, म्हणून इथे मोठ्याने उत्तर देते. जेवढं तुम्हाला चालेल तेवढंच. बाकी अंग चादरीने झाकलेलं असतं, थेरपिस्टला आधी तुमची संमती घ्यावी लागते आणि मध्येच "थांबा" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. बाईच हवी असेल तर बुकिंग करतानाच सांगा.

इथे वाढलेल्या मुलांसाठी एक काम. आईबरोबर डॉक्टरकडे गेलात तर तिच्या पाच वाक्यांचं 'बॉडी पेन' करून मोकळे होऊ नका. ठणका कुठे, आग कुठे, मुंग्या कुठे, हे तिला विचारून वेगवेगळं सांगा.

आणि मुंबईहून लांबचा प्रवास करून आलेल्या पाहुण्यांची एकच पोटरी सुजून, गरम होऊन दुखत असेल तर तिला तेल लावून चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर थेरपिस्टला आधी सांगा.

पहिल्या आंघोळीचं तेल मात्र बाथटबमध्ये उभं राहून लावू नका. खाली टॉवेल अंथरून स्टुलावर बसा, कोमट तेल हलक्या हाताने लावा आणि टबात रबरी मॅट टाकल्याशिवाय पाय ठेवू नका.