अहिल्याबाईंची मुक्ता

इंदूरच्या खजुरी बाजारातून अहिल्याबाई होळकरांवरची तीन पुस्तकं आणली. एक चित्रकथा, एक बालपुस्तिका आणि विजया जहागीरदारांची 'कर्मयोगिनी'. कादंबरी सावकाश वाचायची चीज, तिच्याविषयी पुन्हा कधीतरी. चित्रकथा रंगीत, छान. हातात पिंडी, मागे घाट, देवळं. पण मुक्ताबाई कुठंय? बालपुस्तिकेतही नाही!

अहिल्याबाईंची ही एकुलती एक मुलगी १७९१ साली नवऱ्यामागे सती गेली. आईनं परोपरीनं विनवलं. (खुद्द अहिल्याबाईंना १७५४ साली मल्हाररावांनी सती जाण्यापासून परतवलं होतं, हे मात्र दोन्हीकडे आहे.) चिता पेटली तेव्हा दोघांनी धरून ठेवलेले स्वतःचेच हात त्या चावत होत्या, मग तीन दिवस बोलल्या नाहीत, असं माल्कमनं १८२३च्या ग्रंथात लिहिलंय.

मुलांना हे झेपणार नाही म्हणे. अहो, महाभारत झेपतं की! राज्य ऐकायचं तिचं, पण पोटची पोर ऐकेना, हे दहा वर्षांच्या मुलीला नक्की कळतं. ज्वाळा दाखवू नका हवं तर. महेश्वरच्या वाड्यातलं बंद दार आणि न शिवलेलं ताट, एवढी दोन चित्रं पुरली असती.