फॉर्म्युला ४ चा नवा हंगाम येतोय, पण गाडीत बसणार कोण?

मंडळी, इंडियन फॉर्म्युला ४ चा नवा हंगाम म्हटलं की पहिली चर्चा कसली? कोणती टीम कोणत्या सेलिब्रिटीची! मला विचारायचंय, गाडीत बसणार कोण?

ही शर्यत म्हणजे नुसती जत्रा नाही. एफआयएची मान्यता असल्यामुळे इथले गुण सुपर लायसन्ससाठी धरले जातात. फॉर्म्युला वनला ४० गुण लागतात, एफ४ च्या विजेत्याला जास्तीत जास्त १२ मिळतात. पंधराव्या वर्षी चढायची ही पहिली पायरी.

२०२३ चा किताब ऑस्ट्रेलियाच्या कूपर वेबस्टरने नेला. नेऊ दे, बाहेरची तयार पोरं आली की आपल्यालाही धार येते. पण आपली पोरं ट्रॅकवर असायला तर हवीत! कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर पोरं कार्टिंग शिकतात. तिथवर घरचे कसंबसं निभावतात. पुढे टायर, मेकॅनिक, सराव, सगळंच लाखांत. मग शर्यत पोराची राहत नाही, बापाच्या बँक खात्याची होते.

२०२४ मध्ये चेन्नईच्या रस्त्यांवर रात्री शर्यत झाली, तमिळनाडू सरकार पाठीशी उभं राहिलं. आपल्या सरकारने रस्ते बंद करायची गरज नाही. कार्टिंगमधली दोन गुणी मुलं-मुली निवडा, त्यांच्या हंगामाचा खर्च उचला. आणि आयोजकांनो, वेळापत्रक लवकर जाहीर करा. या वयात पोरांची दहावी असते, बोर्ड काही शर्यतीसाठी पेपर पुढे ढकलत नाही.

पटतंय का? तुमच्या आमदारांना टॅग करा.