घरट्याचा फोटो काढू नका

मे महिना आला की आमच्या पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर घरट्यांचे फोटो सुरू होतात. चोची वासून बसलेली पिल्लं, तोंडात अळी धरलेली आई आणि खाली पंचवीस जणांचे जोडलेले हात. परवा एका मुलाने माळटिटवीच्या अंड्यांचा फोटो टाकला. मी 'घरट्यांचे फोटो नकोत' एवढंच लिहिलं, तर लगेच उत्तर आलं, "काका, तुम्ही पण काढलेत की!"

खरं आहे. काढलेत. म्हणूनच हे लिहितोय.

गोष्ट २०१३ च्या मे महिन्यातली. नवा कॅमेरा घेतला होता, मोठी लेन्स मित्राकडून मागून आणली होती. तुळजापुरातून नळदुर्गच्या बाजूला निघालं की गाव संपता संपता माळ लागतो. मुरूम, खुरटं गवत, मधेच एखादी बोर. बघणाऱ्याला वाटावं इथे काही नाही. तिथे मला माळटिटवीची चार अंडी सापडली. घरटं म्हणजे काय, जमिनीत जरासा खळगा आणि भोवती चार खडे. अंडी अशी मातीच्या रंगाची, की पाय पडता पडता राहिला. मी दहा-बारा फुटांवर पालथा पडलो आणि चाळीस मिनिटं तसाच राहिलो. टिटवी समोर धावत होती, थांबत होती, ओरडत होती, परत धावत होती. शेवटी बिचारी माझ्यादेखत अंड्यांवर येऊन बसली. फोटो झकास आला. फेसबुकवर टाकला. लोकांनी जागा विचारली आणि मी उदार मनाने सांगितली.

आठ दिवसांनी परत गेलो तेव्हा मुरमावर गाड्यांच्या चाकांचे माग होते. दोन अंडी जागेवर होती, दोन नव्हती. टिटवी नव्हती. लांब जाऊन बोरीखाली दोन तास बसलो. ती आली नाही.

दोन अंडी कुत्र्याने नेली असतील, कोल्ह्याने नेली असतील. मित्र म्हणाला, "अरे, हे निसर्गात चालतंच." चालतं. पण तिला त्या अंड्यांवरून उठवलं कोणी, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

आता ती 'बसली' म्हणजे काय करत होती, ते मला नंतर वाचून कळलं. आपल्याला वाटतं पक्षी अंडी उबवतो, म्हणजे ऊब देतो. आमच्याकडच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, मुरूम तव्यासारखा तापतो. तिथे ऊब कसली द्यायची? माळटिटवी अंड्यांवर सावली धरून उभी राहते. पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी ओली करते. हेलन स्परवे आणि जयकर यांनी साठच्या दशकात याच पक्ष्याच्या विणीवर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लिहून ठेवलंय. म्हणजे मी जी चाळीस मिनिटं खाल्ली, ती त्या अंड्यांच्या डोक्यावरच्या छत्रीची होती. असं ऊन चार आठवडे सोसावं लागतं, तेव्हा पिल्लू बाहेर येतं.

आपल्याकडे टिटवी ओरडली की अपशकुन म्हणतात. अपशकुन खरा आहे, फक्त तो आपल्याला नसून तिला असतो. तिच्या अंड्यांपाशी कोणीतरी आलंय, एवढंच ती ओरडून सांगत असते. आणि आम्ही पक्षिप्रेमी तो आवाज ऐकून काय करतो? आवाजाच्या दिशेने जातो!

यावर जी उत्तरं येतात ती मला पाठ आहेत, कारण एके काळी मीच ती देत होतो.

पहिलं उत्तर, "आम्ही बंदूक थोडीच घेऊन जातो?" नाही. आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा आला ही फार चांगली गोष्ट झाली, त्यात वादच नाही. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा उघडून 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचा. पक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं हेही त्यात येतं. लांबून एक फोटो काढला म्हणून कोणी तुम्हाला आत टाकणार नाही. पण कायदा करणाऱ्यांना पन्नास वर्षांपूर्वी जे कळलं होतं, ते आपल्याला सहाशेची लेन्स घेऊनही कळू नये?

दुसरं उत्तर जरा वजनदार आहे. "माळ नांगरले, उसाखाली गेले, पवनचक्क्या आल्या, विजेच्या तारा आल्या, भटकी कुत्री आली. ते सगळं सोडून फोटोवाल्यांच्या मागे का लागता?" हे मला मान्य आहे. इथून सोलापूर पंचेचाळीस किलोमीटर आणि तिथून बार्शीच्या रस्त्याला थोडं पुढे नान्नज. तिथे १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. तो पक्षी काही फोटोंनी संपवला नाही. शिकारीने आणि माळ जाण्याने संपवला. पण माळढोक वर्षाला बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. ज्याच्याकडे मुळात एवढंच आहे, त्याच्यापाशी जाऊन "बाकीचे तुला जास्त लुटतात" म्हणणं हे उत्तर झालं का? आणि नांगर धरणारा शेतकरी निदान स्वतःला पक्षिप्रेमी म्हणवत नाही.

तिसरं उत्तर, "फोटो बघूनच लोकांना आवड लागते." लागते. मग उडणाऱ्या पक्ष्याचा काढा, नाचणाऱ्याचा काढा, धुळीत अंघोळ करणाऱ्या डोंबारीचा काढा, तारेवरच्या नीळकंठाचा काढा. वर्षाचे बारा महिने आणि अख्खं आकाश मोकळं आहे. जो पक्षी जागा सोडून जाऊ शकत नाही नेमका तोच हवा, कारण तो सोपा असतो. हे कौतुक नव्हे, आळस आहे.

आणि हे फक्त माळावरचं नाही. घरी मधुमालतीत बुलबुलाने घरटं केलं की फांद्या बाजूला करून रोज फोटो काढणारी मंडळी आपल्यातलीच. ती पानं म्हणजे त्या घराची भिंत. आपण भिंत पाडतो आणि मग कावळ्याला नावं ठेवतो. प्रवासात तेच. भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित बघायला गेलो होतो. नावेतले एक गृहस्थ नावाड्याला म्हणाले, "जरा जवळ घ्या, उडू द्या की, पंखांचा लाल रंग यायला पाहिजे." नावाड्याने घेतली. त्याचं पोट त्यावर आहे, त्याला काय बोलणार? थवा उडाला, सगळे खूश. ते पक्षी तिथे खायला थांबले होते, हे कोणाच्या गावी नव्हतं. रानात मोबाइलवर आवाज वाजवून नराला बोलावणारे तर आता जागोजाग भेटतात. तो बिचारा हद्दीत दुसरा नर घुसला म्हणून सगळं सोडून भांडायला येतो, आणि आपण म्हणतो काय सुंदर पोझ दिली!

माझा नियम आता साधा आहे. माझ्यामुळे पक्ष्याने हातातलं काम थांबवलं, की मी फार जवळ गेलोय. मागे फिरायचं. टिटवी ओरडायला लागली की कॅमेरा पिशवीत आणि आल्या वाटेने परत. घरटं दिसलं तर फोटो नाही, आणि जागा तर कोणालाच सांगायची नाही, अगदी जिवलग मित्रालाही.

आमच्या गावाला हे शिकवायची खरं तर गरज पडू नये. तुळजाभवानी वर्षातून तीन वेळा निद्रेला जाते. भाद्रपदात नवरात्राच्या आधी, दसऱ्यानंतर कोजागिरीपर्यंत आणि पौषात शाकंभरीच्या आधी. मूर्ती सिंहासनावरून पलंगावर नेतात. त्या दिवसांत अभिषेक होत नाहीत, आणि लांबून आलेला भक्तसुद्धा "मला घाई आहे, उठवा" म्हणत नाही. गाभाऱ्यात कॅमेरा चालत नाही, तरी फोटो मिळाला नाही म्हणून दर्शन झालं नाही असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

मग माळावरच मती कुठे जाते?

त्या मुलाला मी फोन केला. त्याने फोटो काढून टाकला. माझा २०१३ चा फोटो फेसबुकवरून कधीच काढलाय, पण कॉम्प्युटरवर ठेवलाय. चोच उघडी, पिसं फुललेली, डोळे थेट माझ्याकडे. तेव्हा लोकांनी लिहिलं होतं, 'काय भाव टिपलेत!'

ती धापा टाकत होती.